शंभराच्या आतली मुले

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची चर्चा हल्ली सर्वत्र ऐकू येते. शहरांतील महागड्या शाळांतून समुपदेशकांच्या खोल्या सजल्या आहेत. केंद्र शासनाने २०२० साली ‘मनोदर्पण’ नावाचा उपक्रम काढला. आणि २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर देशातील सर्व शिक्षणसंस्थांना लागू होतील असे निर्देश दिले. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करीत असलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे प्रकरण न्यायालयापुढे होते. त्यातून हे निर्देश निघाले. त्यांचे स्वागत केले पाहिजे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. संसदेने जे करायचे ते न्यायालयाला करावे लागले, ही गोष्ट सत्ताधाऱ्यांना लाज आणणारी आहे, इतकेच.

पण त्या निर्देशांत एक आकडा आहे आणि त्या आकड्याविषयी बोलणे भाग आहे. ज्या संस्थेत १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिने मुलांच्या मनाचे शिक्षण घेतलेला एक तरी समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजसेवक नेमावा, आणि जिचा पट त्याहून कमी असेल तिने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्क ठेवावा, असे त्यांत म्हटले आहे. विशाखापट्टणमच्या शिकवणीवर्गाला ही व्यवस्था ठीक आहे. आता तोच आकडा घेऊन आपल्या जिल्ह्यात या. पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातील वस्तीशाळा पाहा, जामखेडच्या बालाघाटातील वाड्या पाहा, अकोल्याच्या आदिवासी पाड्यांवरील शाळा पाहा. दोन शिक्षक, चार इयत्ता आणि पट वीस, तीस, चाळीस. या शाळेने बाहेरच्या कोणत्या तज्ज्ञाशी संपर्क ठेवावा? जिल्हा रुग्णालय नगरला. जामखेडहून तेथे जायचे म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, एका दिवसाची मजुरी बुडवून, आणि तेही असल्या कारणासाठी, की जे घरच्यांच्या दृष्टीने दुखणेच नव्हे! जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर झाले. नाव बदलण्यास मंत्रिमंडळाचा एक ठराव पुरला. शाळेच्या दारी मुलांचे ऐकणारे एक माणूस आणून बसविण्यास मात्र शंभर डोकी मोजावी लागतात.

आणि गंमत अशी की, ज्या मुलांना या आधाराची सर्वांत अधिक निकड आहे ती नेमकी याच शंभराच्या आतल्या शाळांत आहेत. असे का, ते जरा विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण मानसिक आरोग्य म्हटले की आमच्याही पुष्कळ साथींच्या डोळ्यांपुढे परीक्षेच्या ताणाने खचलेला शहरी मुलगाच उभा राहतो.

दसरा उलटला की पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून मुकादमांचे ट्रॅक्टर निघतात. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात किंवा कोरड्या पडलेल्या विहिरीत गेलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. माणसांची मोजदाद अवजाराच्या नावाने करणारा हा धंदा आहे. हे कोयते पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात, आणि पुष्कळसे आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावर पिकलेल्या उसाच्या फडात जातात. म्हणजे जिल्हा एकच. कालवा ज्याच्या वाट्याला आला तो संचालक झाला आणि ज्याच्या वाट्याला दगड आले तो कोयता झाला. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा शेतकऱ्याने सावकाराच्या हातून साखर सोडवून घेतली, असे म्हटले गेले, आणि त्यात खोटे काही नव्हते. पण त्या सहकारात तोडणाऱ्याला भाग मिळाला नाही. त्याच्या लेकरालाही नाही.

हंगाम पाच-सहा महिन्यांचा. शाळेचे वर्ष दहा महिन्यांचे. या दोहोंचा मेळ कोणत्याच अधिकाऱ्याने अद्याप घातलेला नाही. सहामाही परीक्षेच्या सुमाराला मुलाच्या पुढे दोन वाटा असतात. एक, आईबापांबरोबर जायचे. मग कोपीत राहायचे, पहाटेच्या अंधारात आई फडात गेली की धाकट्याला सांभाळायचे, जरा मोठे झाले की मोळ्या बांधायच्या, वाढे गोळा करायचे, आणि रात्री-अपरात्री गाडी भरायला आली की जागे व्हायचे. दुसरी, गावातच आजीजवळ राहायचे. आजीला दिसत नाही, आजोबांना ऐकू येत नाही. अशा घरात आठ-नऊ वर्षांचे मूल सांभाळले जात नाही, तेच म्हाताऱ्यांना सांभाळते. दिवाळी आईवाचून, संक्रांत आईवाचून, ताप आला तरी आई फोनवर. पहिल्या वाटेने गेलेले मूल चैत्रात परत येते तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो आणि वार्षिक परीक्षा तोंडावर असते. पुस्तकातले त्याला काही कळत नाही, म्हणून ते मागे बसते. मागे बसते म्हणून त्याला कोणी काही विचारीत नाही. विचारीत नाहीत म्हणून ते बोलायचे विसरते. दुसऱ्या वाटेने राहिलेले मूल वर्गात झोपते, एकाएकी रडते, नाहीतर शेजारच्याला मारते. हजेरीपत्रकावर दोघेही ‘हजर’ असतात. शिक्षकांच्या खोलीत एकाला मठ्ठ म्हणतात, दुसऱ्याला उनाड.

हा रोग नव्हे. मेंदूत काही बिघाड झाल्यामुळे हे घडलेले नाही. मजुरीचा एक विशिष्ट बंदोबस्त आहे. उचल, मुकादम आणि जोडीचा कोयता ही त्याची चौकट आहे. आणि त्या चौकटीचा भार शेवटी मुलाच्या मनावर येऊन पडतो. मुलीच्या बाबतीत तर तो आणखी निराळ्या रीतीने पडतो. तेरा-चौदा वर्षांची मुलगी मागे ठेवायची तर भीती, कोपीत न्यायची तर त्याहून भीती. म्हणून तिचे लग्न उरकतात, आणि लग्न लागले की मुकादमाच्या वहीत एक नवा कोयता चढतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या स्त्रियांचे प्रमाण साऱ्या महाराष्ट्रात शेकडा २२ च्या आसपास होते. ऊसतोडीचे माहेरघर असलेल्या बीडमध्ये ते शेकडा ४३ च्या वर होते. पाथर्डी-जामखेडची शीव बीडला लागून आहे. साताठ महिने आधी जी मुलगी पाढे म्हणत होती ती आज कोयत्याचा अर्धा भाग झाली आहे. तिच्या मनाची गणना कोणत्या खात्यात करायची?

देशात २०२२ साली १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यांत महाराष्ट्रातील १,७६४, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. ही नोंद पोलीस ठाण्यात होते म्हणून आपल्याला कळते. जे मूल मेले नाही, नुसते गप्प झाले, त्याची नोंद कोठेच होत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ साली १२ राज्यांत पाहणी केली, तेव्हा तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी शेकडा सातांहून अधिक मुलांना उपचार लागावेत असा मनोविकार आढळला होता. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आमच्या मुलांची कोणी मोजणीच केली नाही!

कोणी म्हणेल, शासनाने काहीच केले नाही असे कसे? केले आहे, आणि ते कसे केले हेही पाहण्यासारखे आहे. नव्वदच्या दशकात ‘जनार्थ’ या संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा सुरू केल्या. त्यांत उणिवा पुष्कळ होत्या, पण मूल आईजवळ राहत होते आणि दिवसातले चार तास फडाबाहेर असत होते. २०१० साली शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला आणि तळावरचा वर्ग म्हणजे कायद्यातली शाळा नव्हे, असे ठरून साखरशाळा मिटत गेल्या. त्याच्या जागी आली हंगामी वसतिगृहे. वसतिगृह हा शब्द ऐकून खाटा, पांघरुणे, एखादी देखरेखीची बाई असे काही डोळ्यांपुढे येत असेल, तर ते सोडून द्यावे. बहुतेक ठिकाणी ही दोन वेळच्या जेवणाची सोय असते, आणि झोपायला मूल आजीच्याच घरी जाते. तिचेही अनुदान हंगाम निम्मा सरला तरी पोचत नाही, अशी तक्रार दरसाल ऐकू येते. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आली: ४१ तालुके, ८२ वसतिगृहे, प्रत्येकात १०० मुले. गुणाकार करून पाहा. सारी योजना कागदावरच्याप्रमाणे उभी राहिली तरी ८,२०० मुलांची सोय होते. आणि राज्यातील ऊसतोड कामगारांची संख्या आठ-दहा लाखांच्या पुढे धरली जाते. भगवानगड आपल्या पाथर्डी तालुक्यात आहे. बाबांनी या मुलुखातल्या कष्टकऱ्यांच्या पोरांना शिकण्याचा रस्ता दाखविला, त्यांचे नाव देताना तरी सरकारने संख्येचा विचार करावयास हवा होता.

शिवाय नुसते वसतिगृह हे उत्तर नव्हे, हे अकोल्याच्या आदिवासी साथींना सांगण्याची गरज नाही. सहा वर्षांचे पोर पाड्यावरून उचलून आश्रमशाळेत ठेवले की त्याच्या मनाचे काय होते, ते त्यांनी दोन पिढ्या पाहिले आहे. राज्यातील आश्रमशाळांत पंधरा वर्षांत हजारावर मुले दगावल्याचे २०१६ साली शासनाच्याच समितीच्या अहवालातून बाहेर आले. साप, विंचू, ताप, निकृष्ट अन्न ही कारणे लिहिली गेली. पोर रात्री कोणाला हाक मारीत होते आणि त्याच्या हाकेला ओ देणारे तेथे कोणी होते की नाही, हे कारण कोणत्याच रकान्यात बसत नाही. साने गुरुजींची तसबीर आपल्या किती कार्यालयांत आहे! अमळनेरच्या छात्रालयात या माणसाने काय केले? मुलांची आजारपणे काढली, त्यांच्यासाठी रोजचा हस्तलिखित अंक लिहिला, आईपासून दूर आलेल्या पोराला आपल्याकडे कोणीतरी पाहते आहे याची खात्री दिली. त्याला तेव्हा मानसिक आरोग्य हे नाव नव्हते. पण ते तेच होते, आणि कोणत्याही वसतिगृहाच्या आराखड्यात खाटांच्या आधी त्याची तरतूद हवी.

येथे आमच्याच घरातील एका मताला उत्तर दिले पाहिजे. तालुक्याच्या बैठकांतून असे बोलले जाते की, आधी भाकरी, मग मन; पोटाला नाही तेथे समुपदेशनाचे चोचले कसले; हा मध्यमवर्गाचा प्रश्न आहे, आपला नव्हे. हे मत ऐकायला लढाऊ वाटते. प्रत्यक्षात ते कारखानदाराच्याच सोयीचे आहे. श्रमिकाला पोट आहे आणि मन नाही, असे मानूनच तर त्याला कोयता हे नाव दिले गेले! भाकरीची लढाई जो लढणार त्याला अपमान जाणवला पाहिजे, आणि ज्या मुलाला सहाव्या वर्षापासून मागच्या बाकावर मुके केले त्याला पुढे कसला अपमान जाणवणार? आपली पुढली फळी त्याच बाकावर बसलेली आहे. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, तो संघटित बळावर मिळाला आणि त्याचे मोल मोठे आहे. पण दर आणि मुकादमाचे कमिशन यापलीकडे आपल्या सभांतील भाषणे जात नाहीत. फडावर जन्मलेल्या मुलाचे वर्ष हा कराराचा विषय आहे, तो दयेचा विषय नाही, ही गोष्ट आपण अजून ठासून मांडलेली नाही.

मनावरचे सगळे ओझे उसाचेच असते असेही नाही. आपल्या जिल्ह्यात जातीचे ओझे त्याहून जुने आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये जामखेड तालुक्यातील खर्ड्यात सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला, सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून, शाळेतून ओढून नेऊन ठार मारण्यात आले. २०१६ च्या जुलैत कर्जत तालुक्यातील कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. दोन्ही खटल्यांचे निकाल नगरच्या न्यायालयात २०१७ च्या नोव्हेंबरातच लागले. कोपर्डीच्या आरोपींना फाशीची शिक्षा झाली. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार उलटले आणि आरोपी निर्दोष सुटले. या दोन निकालांवर पुष्कळ लिहिले गेले. आम्हाला येथे दुसरीच गोष्ट विचारावयाची आहे. ज्या वर्गातून त्या मुलाला ओढून नेले त्या वर्गात आणखी मुले होती. त्यांतील काही दलित होती, काही सवर्ण. दुसऱ्या दिवशी, पुढच्या महिन्यात, साक्षीदार एकेक करून फिरले तेव्हा, त्या मुलांनी काय जाणले? मोठी माणसे पाहिलेले पाहिले नाही असे म्हणू शकतात, हाच धडा ना? आणि कोपर्डीनंतर त्या परिसरातील ज्या मुलींना सायकलवरून शाळेत जाण्याचे भय वाटू लागले, त्यांच्या भयाची दखल कोणत्या मोर्च्याच्या मुख्य मागण्यांत होती? फाशी, कायदा, आरक्षण, प्रतिकायदा. चर्चा याच चौकोनात फिरली. पारध्याच्या पोराला तर अशी मोठी घटनाही लागत नाही. १९५२ साली गुन्हेगार जमातीचा शिक्का कायद्याने पुसला, तरी वर्गातली पेन्सिल हरवली की आजही माना त्याच्याकडेच वळतात. त्याची शाळा बहुधा चौथीत सुटते, आणि आपण तिला ‘गळती’ म्हणतो, जणू ते नळाचे पाणी आहे.

शिक्षणहक्काच्या कायद्यात याविषयी काहीच नाही अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. सतरावे कलम मुलाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई करते. एकोणतिसावे कलम सांगते की, शिक्षण असे हवे, की ज्याने मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त होईल आणि मोकळेपणी बोलू शकेल. २०१० पासून हा देशाचा कायदा आहे! बाकांची उंची, शौचालये, कुंपणाच्या भिंती यांचे तपासणीचे तक्ते आहेत. भयमुक्तीचा तक्ता कोणत्या विस्तार अधिकाऱ्याच्या दप्तरात आहे?

आता न्यायालयाच्या निर्देशांचे पुढे काय होईल याचा अंदाज बांधण्यास ज्योतिषी नको. एक परिपत्रक निघेल. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसेल. शाळेतील एका शिक्षकाला दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन ‘समुपदेशक शिक्षक’ हे नाव चिकटविले जाईल आणि दर महिन्याला त्याने कोणत्या ॲपवर काय भरायचे ते कळविले जाईल. २०२२ साली शाळाशाळांतून सखी सावित्री समित्या स्थापण्याचा आदेश निघाला होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरची घटना घडली तेव्हा पुष्कळ शाळांतून त्या समित्या केवळ कागदावर असल्याचे सर्वांना एकाएकी समजले. ज्या गुरुजींना खिचडीचा हिशेब, मतदारयाद्या, नाना प्रकारच्या पाहण्या आणि चार इयत्ता एकाच वेळी सांभाळायच्या आहेत, त्यांच्या डोक्यावर आणखी एक टोपी ठेवून मुलांची मने सांभाळली जातील असे ज्यांना वाटते त्यांनी वस्तीशाळेत एक आठवडा काढावा. शिक्षक वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. याच शाळांतून असे शिक्षक आहेत, की जे तळावर गेलेल्या मुलाला रात्री फोन करून धडा वाचून दाखवितात. पण व्यवस्था अपवादांच्या पुण्याईवर चालविता येत नाही.

आणि हा नुसता तर्क नाही. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. काही शाळांत हे काम शिक्षकाकडे दिले, काही शाळांत त्याच भागातील एका तरुण व्यक्तीला प्रशिक्षण देऊन केवळ याच कामासाठी नेमले. ती व्यक्ती डॉक्टर नव्हती, मानसशास्त्राची पदवीधरही नव्हती. जेथे स्वतंत्र माणूस होते तेथे शाळेतले वातावरण सुधारले, मुलांची उदासी कमी झाली, दांडगाई कमी झाली. जेथे शिक्षकावर काम टाकले तेथे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. बिहारसारख्या गरीब राज्यातील सरकारी शाळांची ही गोष्ट आहे. तेव्हा ‘हे आपल्याकडे कसे जमणार’ हे पालुपद आता पुरे.

किंबहुना नालंदापर्यंत जाण्याचीही गरज नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य याच जामखेडला आले. दुष्काळी, दरिद्री, जातीपातीने पोखरलेला मुलूख. डॉक्टर गावोगाव पोचणार नाही हे ओळखून त्यांनी गावातीलच बायका निवडल्या. त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्यांना शिकवून त्यांच्या हाती गावाचे आरोग्य दिले. बाळंतपणे सुखरूप होऊ लागली, अर्भके वाचू लागली. पुढे जगभरची माणसे हे पाहण्यास जामखेडला आली. त्याहीपूर्वी, एकोणिसाव्या शतकात, सावित्रीबाई फुले शिकविण्याचे शिक्षण घेण्यासाठी नगरला मिस फरार यांच्याकडे आल्या होत्या. आपला जिल्हा असा आहे, की जेथे शाळेत न गेलेली बाई आरोग्यसेविका झाली आणि माळ्याची सून शिक्षिका होऊन गेली. मग त्याच जिल्ह्यात वाडीवरची एक जाणती बाई, योग्य शिक्षण घेऊन, योग्य वेतनावर, आपल्या वस्तीच्या आणि शेजारच्या दोन-तीन वस्त्यांच्या शाळांतील मुलांची हक्काची माणूस का होऊ शकणार नाही? कोणते मूल आईबापांवाचून राहिले आहे, कोणते जेवत नाही, कोणाच्या लग्नाची बोलणी चालली आहेत, कोणाला वर्गात जातीवरून चिडवतात, हे तिला नगरच्या तज्ज्ञापेक्षा आधी कळेल. तज्ज्ञ हवाच. पण तो तिच्या मागे उभा असावा, आठवड्यातून एक दिवस तालुक्याला बसणारा, तिने आणलेल्या कठीण प्रकरणांसाठी. शंभर डोक्यांची अट घालायचीच असेल तर ती शाळेला न घालता केंद्राला घाला. आठ-दहा शाळांच्या एका केंद्रात शंभर मुले सहज भरतात. नियमात एवढा बदल करण्यास कोणता खजिना लागतो?

वेतन कोठून आणायचे, हा प्रश्न येणारच. तो यावा, कारण त्याचे उत्तर उसातच आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्यांनी १० रुपये आणि तितकेच शासनाने द्यावेत, असे धोरण ठरलेले आहे. चांगल्या हंगामात राज्याचे गाळप दहा कोटी टनांच्या घरात जाते. म्हणजे एकट्या कारखान्यांचे वर्षाला १०० कोटी. वाडीवरच्या या बाईला महिना १५,००० रुपये द्यायचे ठरविले, तर वर्षाचे १,८०,००० होतात; शंभर कोटींत अशा साडेपाच हजार बायका नेमता येतात. आम्ही सगळे पैसे यातच घाला असे म्हणत नाही; विमा आहे, दवाखाना आहे, वसतिगृहे आहेत, त्या सर्वांना पैसा हवा. आम्ही एवढेच म्हणतो की, पैसा नाही ही सबब खोटी आहे. आणि ही नेमणूक मानधनाच्या नावाखाली होता कामा नये. अंगणवाडीताई आणि आशा यांना ‘स्वयंसेविका’ म्हणून वर्षानुवर्षे कसे राबविले, ते आपण पाहिले आहे. दुसऱ्याच्या मुलांची मने सांभाळणाऱ्या बाईच्या स्वतःच्या मुलाला उद्या कोयत्याबरोबर जावे लागले तर ती कसली समुपदेशक!

ज्या मुलांना आईबापांबरोबर जावेच लागते त्यांच्यासाठी तळावरची शाळा पुन्हा उघडली पाहिजे, आणि ती जवळच्या जिल्हा परिषद शाळेची शाखा म्हणून, हजेरी आणि दाखल्यासह. कायद्याला ते मंजूर नसेल तर कायदा दुरुस्त करावा. मूल आईजवळ ठेवणारा आणि शाळेतही ठेवणारा असा तोच एक मार्ग आहे. गावात मागे राहिलेल्या मुलांच्या वसतिगृहात रात्री राहणारी बाई असल्याखेरीज त्या इमारतीला वसतिगृह म्हणू देऊ नये.

यंदाच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी पाथर्डी, शेवगाव आणि जामखेडच्या शाखांनी एक काम हाती घ्यावे. प्रत्येक वाडीतील किती मुले आईबापांबरोबर निघाली, किती मागे राहिली आणि मागे राहिलेल्यांजवळ रात्री कोण असते, याची वहीत नोंद करावी. शिक्षकांची मदत घ्यावी, ते देतील. या याद्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना एक प्रत आणि जेथे ती माणसे तोडणीला जाणार त्या कारखान्याच्या अध्यक्षांना एक प्रत, अशा पोचत्या कराव्यात, आणि पोच घ्यावी. तोडणीच्या दराचा पुढील करार जेव्हा होईल तेव्हा त्या टेबलावर दराच्या कागदाशेजारी ही वही ठेवावी लागेल, आणि ती ठेवायची तर तिच्यात नावे आतापासून भरली गेली पाहिजेत.